गोडाचा ताळेबंद

बंगळुरूच्या पश्चिम भागातील राजाजीनगर या वसाहतीला भारताचे अखेरचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव लाभले आहे. भाष्यम सर्कल, नवरंग थिएटर, राममंदिर, ई.एस.आय. रुग्णालय या इथल्या ठळक खुणा. २०१४ साली मेट्रोही येथे येऊन पोहोचली. मात्र बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे येणाऱ्या आमच्यासारख्या बँक कर्मचाऱ्यांना या परिसराची पहिली ओळख होते ती वासाने. संध्याकाळी सहाच्या सुमारास रस्तोरस्तीच्या लहान लहान बेकऱ्यांतून ताजा पाव, भाजलेले खोबरे आणि लोणी यांचा संमिश्र दरवळ येऊ लागतो, आणि कार्यालयातून घरी निघालेली पावले आपोआप मंदावतात.

या बेकऱ्यांना येथे ‘अय्यंगार बेकरी’ म्हणतात. १८९८ साली हासनकडून आलेल्या तिरुमलाचार यांनी आपल्या बंधूंसह चिक्कपेठ भागात बी. बी. बेकरी सुरू केली आणि तेथून ही परंपरा शहरभर, पुढे राज्यभर पसरली. पाव आणि केक हे साहेबाचे पदार्थ. परंतु एका कर्मठ शाकाहारी समाजाने ते आपलेसे करून त्यांना स्वतःचे असे रूप दिले. अंड्याशिवाय केक, मिरची-कोथिंबीर घातलेला खारा बन, लोण्याची ‘बेण्णे’ बिस्किटे, खोबरे व टुटीफ्रुटीचे सारण भरलेला दिलपसंद आणि पाकात भिजवून वर जॅमचा लाल थर व खोबऱ्याचा कीस पसरलेला हनी केक, ही त्या काचेच्या कपाटातील मानाची मंडळी होत. आपल्याकडे नानकटाई, खारी आणि मावा केक यांना जे स्थान आहे, तेच येथे यांना आहे.

प्रश्न केवळ जिभेचा नाही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक याहूनही अधिक आहेत. आठ-दहा तास खुर्चीत बसून काम करणाऱ्या आपल्या व्यवसायात तर प्रत्येक शाखेत असे दोन-तीन सहकारी सहज सापडतात. वाढदिवस, बढती, बदली, निवृत्ती अशा प्रत्येक प्रसंगी टेबलावर केक येतो आणि दोघे-तिघे संकोचाने मागे सरकतात, हे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

माझे वडील निवृत्त शिक्षक असून गेली काही वर्षे आमच्याकडे राजाजीनगरातच राहतात. समवयस्क मित्रांबरोबर संध्याकाळी फेरी मारायची आणि परतताना बेकरीच्या फळीशी उभे राहून काहीतरी गोड व कॉफी घ्यायची, हा त्यांचा नेम होता. रक्ततपासणीत साखर वाढू लागल्याचे निष्पन्न झाले आणि त्यांनी बेकरीत जाणेच बंद केले. बेकरी बंद झाली तशी फेरी बंद झाली, आणि फेरीबरोबर गप्पाही. “गोड नको म्हणणं सोपं आहे रे, पण चारचौघांत नुसतं उभं राहणं अवघड,” असे ते म्हणाले. आहारतज्ज्ञांनी मात्र गोड सर्वस्वी वर्ज्य करण्यास सांगितले नव्हते. आठवड्यातून एखाद्या वेळी, जेवणातील इतर पिष्टमय पदार्थ कमी करून आणि मोजून खाण्यास त्यांची मुभा होती. यातील ‘मोजून’ हा शब्द माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जवळचा वाटला. एखादा खर्च कमी करायचा असेल तर प्रथम तो कोणकोणत्या खात्यांवर पडतो हे पाहावे लागते. हाच नियम केकला लावून पाहावा, असे आम्ही ठरवले आणि स्वयंपाकघरातील काटा पुढ्यात घेऊन बसलो.

खतावणी

हिशेब करण्यासाठी तीनच आकडे लक्षात ठेवावे लागतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा साखरेतून सुमारे ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम प्रथिनातूनही ४, आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. (येथे उष्मांक म्हणजे किलोकॅलरी.) याचाच अर्थ, १०० ग्रॅम साखरेचे सुमारे ४००, तर तेवढ्याच तेलाचे किंवा तुपाचे सुमारे ९०० उष्मांक होतात. मैद्याचे ३५० च्या आसपास, मधाचे ३२०, साध्या दह्याचे ६० आणि सफरचंदाचेही जवळपास ६० होतात.

आता घरी सात इंची चौकोनी भांड्यात होणाऱ्या, नऊ तुकड्यांच्या नेहमीच्या हनी केकचा हिशेब पाहू.

मैदा १२० ग्रॅम : ४२०
साखर १०० ग्रॅम : ४००
तेल ७५ ग्रॅम : ६७५
दही १५० ग्रॅम : ९०
पाकासाठी साखर ७५ ग्रॅम व मध ३० ग्रॅम : ३९५
जॅम १०० ग्रॅम : २६०
सुक्या खोबऱ्याचा कीस २० ग्रॅम : १३०
एकूण : २३७०

म्हणजे एका तुकड्याचे सुमारे २६३ उष्मांक. या आकड्यांकडे थोडे बारकाईने पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की केकच्या पोटातील सर्वांत मोठे खाते साखरेचे नसून तेलाचे आहे. दुसरी अशी की पाक, जॅम आणि खोबरे मिळून ७८५ उष्मांक, म्हणजे एकूण रकमेचा एकतृतीयांश भाग, केकच्या पोटात नसून त्याच्या अंगावर आहे. तो भाजण्याच्या क्रियेशी संबंधितच नाही. तेथे काटकसर केल्याने केक फसण्याची भीती अजिबात नाही.

साखरेचा वेगळा हिशेब केला तर पाकातील व जॅममधील साखर धरून एका तुकड्यात सुमारे २९ ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम होतात. म्हणजे एका तुकड्यातच दिवसाची तरतूद संपते आणि खात्यावर थोडी उचलही होते!

प्रत्येकाचे काम वेगळे

येथे उतावळेपणा उपयोगाचा नाही. कर्मचारी कपात करण्यापूर्वी कोण कोणते काम करतो हे जसे पाहिले पाहिजे, तसेच साखर व तेल कमी करण्यापूर्वी त्यांच्याकडे कोणती कामे आहेत हे जाणून घेतले पाहिजे.

साखर केवळ गोडी देत नाही. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ती मैद्यातील ग्लुटेनला ताठर होऊ देत नाही आणि पिष्ट घट्ट होण्याची क्रिया लांबवते, त्यामुळे केकला फुगण्यास वेळ मिळतो. वरचा तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास यांतही तिचा वाटा असतो. तेल अथवा लोणी मैद्याच्या कणांभोवती आवरण तयार करते, त्यामुळे केक चिवट न होता तोंडात विरघळतो. वेलदोडा, व्हॅनिला यांचा स्वादही स्निग्धांशाच्या आधारानेच जिभेवर रेंगाळतो.

म्हणून साध्या केकमधील साखर एकचतुर्थांश ते एकतृतीयांश कमी केली तर चालते. त्यापुढे केक कोरडा व फिका होतो. तेल निम्म्याने, फार तर त्याहून थोडे अधिक कमी करता येते. मात्र त्याच्या जागी ओलावा धरणारा कोणी बदली कर्मचारी नेमावा लागतो. वाफवून वाटलेले सफरचंद, लाल भोपळा किंवा कुस्करलेले केळे हे काम चोख करतात. सफरचंदातील पेक्टिन पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे तेलाची उणीव बरीचशी झाकली जाते. दह्यातील आंबटपणामुळे ग्लुटेन नरम राहते, शिवाय खाण्याच्या सोड्याशी त्याची प्रक्रिया होऊन केक हलका होतो.

सुधारित हनी केक

वरील विचाराने बदललेले प्रमाण असे :

मैदा ८० ग्रॅम व नाचणीचे पीठ ४० ग्रॅम : ४०८
साखर ७० ग्रॅम : २८०
तेल ३० ग्रॅम : २७०
दही १५० ग्रॅम : ९०
वाफवून वाटलेले सफरचंद ४५ ग्रॅम : २५
पाकासाठी साखर २० ग्रॅम व मध १५ ग्रॅम : १३०
जॅमऐवजी १०० ग्रॅम सफरचंद, १० ग्रॅम साखर घालून शिजवलेले : १००
खोबऱ्याचा कीस १० ग्रॅम : ६५
एकूण : सुमारे १३७०

म्हणजे नऊ तुकड्यांपैकी एकाचे सुमारे १५२ उष्मांक व १२ ग्रॅमच्या आसपास साखर. पूर्वीच्या तुलनेत उष्मांकांत बेचाळीस टक्के बचत झाली.

कृती सोपी आहे. दही, साखर, तेल आणि वाटलेले सफरचंद एकत्र फेटून साखर विरघळू द्यावी. मैदा, नाचणीचे पीठ, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळून त्यात घालावे. व्हॅनिलाचे काही थेंब अथवा वेलदोड्याची पूड घालावी. मिश्रण एकजीव होताच ढवळणे थांबवावे, कारण तेल कमी असताना अधिक घोटल्यास केक चिवट होतो. भांड्याला कागद लावून १७० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये तीस मिनिटे भाजावे; मात्र पंचविसाव्या मिनिटालाच सुरी टोचून पाहावी. कमी तेलाचा केक लवकर कोरडा पडतो आणि पाच मिनिटांचा उशीरही त्याला सोसत नाही. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू पसरून, त्यावर जाळी ठेवून झाकण लावून भाजण्याची जुनी युक्ती आहेच. त्यात वेळ थोडा अधिक लागतो.

पाकासाठी २० ग्रॅम साखर चार चमचे पाण्यात उकळावी आणि कोमट झाल्यावर मध घालावा. बेकरीतल्याप्रमाणे पाक ओतू नये. केकवर काट्याने भोके पाडून ब्रशने किंवा चमच्याने तो सर्वत्र सारखा लावावा. मध केवळ वरच्या थरात असल्याने त्याचा स्वाद जिभेला प्रथम लागतो आणि कमी प्रमाणातही पुरेसा वाटतो. वरच्या थराचे सफरचंद शिजवताना त्यात बीटाची एक चकती व थोडा लिंबाचा रस घातला की जॅमसारखा लाल रंग येतो; चकती नंतर काढून टाकावी. खोबरे मंद आचेवर किंचित भाजून घेतले तर निम्म्या प्रमाणातही त्याचा वास दरवळतो.

हा केक फळामुळे व कमी साखरेमुळे फार दिवस टिकत नाही. तो दोन दिवसांत संपवावा व उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवावा.

बचत नेमकी कोठे झाली?

ताळेबंद तपासताना एक आकडा विशेष उद्बोधक ठरला. केकच्या आतील भागात झालेल्या ५१२ उष्मांकांच्या निव्वळ बचतीत तेलाचा वाटा ४०५ व साखरेचा १२० होता; नाचणीमुळे झालेली बचत अवघी १२ होती आणि वाटलेल्या सफरचंदाने २५ उष्मांक परत खर्ची टाकले. उरलेली ४९० उष्मांकांची बचत पाक, जॅम व खोबरे यांतून, म्हणजे केकच्या बाहेरून झाली.

मैद्याऐवजी कणीक किंवा नाचणी वापरली की पदार्थ हलका झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नाचणी अवश्य वापरावी. कर्नाटकाचे ते प्रमुख धान्य आहे, कोकणात व आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात ते परंपरेने खाल्ले जाते आणि २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून शहरांतही त्याला प्रतिष्ठा आली आहे. तिच्यात तंतू अधिक असतात आणि १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. हे सर्व लाभ खरे आहेत. परंतु उष्मांकांच्या खात्यावर त्यांची नोंद जवळजवळ शून्य आहे.

गूळ आणि मध यांची स्थितीही तीच. १०० ग्रॅम साखरेचे ४००, तर गुळाचे साधारण ३७०. साखरेऐवजी तेवढाच गूळ घातल्याने रक्तातील साखर वाढण्याचे टळत नाही. ‘गुळाचा आहे, दोन तुकडे घ्या’ असा आग्रह करणारे यजमान प्रेमळ असतात, पण त्यांचा हिशेब कच्चा असतो.

कोकणातला जुना धडा

तेलाच्या जागी फळ किंवा भाजी घालण्याची कल्पना आज नव्या पाककृतींच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंत येते. कोकणात मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पावसाळ्यात मोठ्या तवशांचा, म्हणजे काकड्यांचा, हंगाम आला की घरोघरी धोंडस किंवा तवसोळी होते. किसलेली काकडी, तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे आणि वेलदोडा यांचे मिश्रण शिजवून पातेल्यात थापायचे व खाली-वर निखारे ठेवून भाजायचे, हा आपला अस्सल मराठी केकच होय. काकडीत सुमारे पंच्याण्णव टक्के पाणी असल्याने रव्याला लागणारा सगळा ओलावा तिच्यातूनच मिळतो आणि तूप केवळ चमचा-दोन चमचे पुरते.

१५० ग्रॅम तांदळाचा रवा, १०० ग्रॅम गूळ, पाव किलो किसलेली काकडी, ४० ग्रॅम ओले खोबरे आणि १० ग्रॅम तूप यांचा हिशेब सुमारे ११९० उष्मांक होतो. बारा वड्या पाडल्यास प्रत्येकी शंभराच्या आत. गूळ ८० ग्रॅमवर आणला तरी वेलदोडा आणि खमंग भाजलेला रवा यांमुळे उणीव जाणवत नाही. राजाजीनगरच्या बाजारात पिवळसर मोठी काकडी सहज मिळते. आमच्या शेजारच्या कन्नड कुटुंबाला हा ‘मराठी केक’ इतका आवडला की आता हंगामात त्यांच्याकडूनच काकडी येते.

जेथे कात्री चालत नाही

सर्वच पदार्थांना ही युक्ती लागू पडत नाही. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर काही खर्च बदलते असतात, काही स्थिर. नानकटाईचा खुसखुशीतपणा म्हणजे तिच्यातील तूपच. ते कमी करून फळाचा गर घातला तर नानकटाईचा मऊ, ओलसर गोळा होईल. खारीचे व दिलपसंदचे पदर स्निग्धांशामुळेच सुटतात. तेथे कपात केली की पदर जाऊन पोळी उरते. अशा पदार्थांत प्रमाण न बदलता आकार बदलावा. १०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम पिठीसाखर व ६० ग्रॅम तूप यांच्या वीस नानकटाया केल्यास एकीचे सुमारे ५७ उष्मांक होतात. त्याच पिठाच्या पंचवीस केल्यास ४५. चवीत तसूभरही फरक पडत नाही. दिलपसंद तर बेकरीतही मोठा गोल भाजून त्रिकोणी फाकी करूनच विकतात. ती फाक दोघांत वाटून घेणे हाच उत्तम उपाय.

अंडी चालत असतील तर स्निग्धांश न घालताही केक होतो. तीन अंडी व ७५ ग्रॅम साखर भरपूर फेटून, फेस न मोडता ७५ ग्रॅम मैदा हलक्या हाताने मिसळला की सुमारे ७९० उष्मांकांचा स्पंज केक तयार होतो. नऊ तुकडे केल्यास प्रत्येकी ८८. स्विस रोल याच केकचा करतात. कार्यालयातील समारंभासाठी वरून क्रीम हवेच असेल तर आपल्या श्रीखंडाचा चक्का मदतीस येतो. लोणी व पिठीसाखर समभाग फेटलेल्या १०० ग्रॅम क्रीमचे सुमारे ५६० उष्मांक होतात. १०० ग्रॅम चक्क्यात १५ ग्रॅम पिठीसाखर व केशर घालून केलेले आवरण दोनशेच्या आत बसते.

कृत्रिम गोडवा आणि वेष्टनावरील शब्द

साखरेऐवजी गोळ्या किंवा पावडर वापरावी काय, असा प्रश्न अनेकजण विचारतात. अ‍ॅस्पार्टेमची गोडी उष्णतेने कमी होते, त्यामुळे ते भाजण्याच्या पदार्थांना उपयोगी नाही. स्टीव्हियापासून काढलेले गोड घटक उष्णता सहन करतात आणि २०१५ साली आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यांना मान्यताही दिली. परंतु पाणी धरणे, रंग आणणे, आकारमान देणे ही साखरेची कामे ते करू शकत नाहीत. शिवाय वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पर्यायांवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवले आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती सूचना नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे उत्तम.

विकतचा केक किंवा बिस्किटे घेताना वेष्टनावरील तक्ता वाचण्याची सवय लावून घ्यावी. त्यात उष्मांक, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर यांचे आकडे असतात. ‘शुगर फ्री’ या शब्दांचा अर्थ तूप व मैदाही नाही असा होत नाही. आपल्याकडील २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाला ‘लो कॅलरी’ म्हणवून घ्यायचे असेल तर त्यात १०० ग्रॅममागे ४० हून अधिक उष्मांक नसावेत. या कसोटीला कोणताही खराखुरा केक उतरू शकत नाही. मूळ पदार्थाहून कमी उष्मांकांचा, एवढाच दावा प्रामाणिक ठरतो. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे. तरीही घरी भाजताना साधे तेल किंवा मोजके लोणी वापरणे श्रेयस्कर.

ज्यांना हे शास्त्र रीतसर शिकायचे आहे त्यांच्यासाठी बंगळुरूतच हेब्बाळ येथे कृषी विद्यापीठाचे बेकरी प्रशिक्षण केंद्र आहे.

‘बाय-टू’चे शहाणपण

एक शेवटची नोंद केल्याशिवाय हा ताळेबंद पुरा होणार नाही. सुधारित केकचा एक तुकडा १५२ उष्मांकांचा आहे. तो हलका आहे म्हणून दोन तुकडे खाल्ले तर ३०४ होतात, म्हणजे जुन्या केकच्या एका तुकड्याहून अधिक. याउलट जुन्याच केकचा अर्धा तुकडा घेतला तर सुमारे १३२ उष्मांकांत भागते. व्याजदर कमी झाला म्हणून दुप्पट कर्ज घेणाऱ्या ग्राहकाला आपण जो सल्ला देतो, तोच येथेही लागू पडतो.

बंगळुरूकरांनी यावर फार पूर्वीच उपाय शोधून ठेवला आहे. येथील कोणत्याही उपाहारगृहात दोन मित्र ‘बाय-टू कॉफी’ मागवतात. एक कॉफी दोन पेल्यांत विभागून येते आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. हीच रीत केकलाही लावता येते. सध्या आमच्याकडे महिन्यातून दोनदा सुधारित केक होतो. तो कापून, मोजून ठेवण्याचे काम वडिलांनी स्वतःकडे घेतले आहे आणि लेखापरीक्षकालाही लाजवील इतक्या काटेकोरपणे ते पार पाडतात. उरलेल्या दोन आठवड्यांत, शनिवारी, ते पुन्हा मित्रांबरोबर फेरीला जातात. चौघांत दोन हनी केक, दोन बाय-टू कॉफी, असा त्यांचा ठराव झाला आहे. पुढील तपासणीत काय दिसेल ते डॉक्टर सांगतील. फेरी आणि गप्पा मात्र पूर्ववत सुरू झाल्या आहेत.

वाचकांनीही आपल्या घरातील एखादा आवडता पदार्थ घेऊन असा हिशेब एकदा मांडून पाहावा. स्वयंपाकघरातील लहान काटा काही शे रुपयांत मिळतो. कोणते खाते किती फुगले आहे हे एकदा कळले की कोठे हात आखडावा आणि कोठे मोकळा सोडावा, हे सांगण्यास दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही. पुढच्या वेळी शाखेत कोणाचा वाढदिवस असेल, तेव्हा केकचे तुकडे निम्मे करा आणि मागे सरकलेल्या सहकाऱ्यालाही त्यातला एक आवर्जून द्या.